निखाऱ्यावरची फळे : घरच्या घरी पौष्टिक खाऊ



पुनरुत्थानानंतर प्रभूने तिबिर्य समुद्राच्या काठी आपल्या दमलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावले, तेव्हा तेथे कोळशाचा विस्तव पेटलेला होता व त्यावर मासळी होती, असे संत योहान 21 व्या अध्यायात सांगतो. निखाऱ्यावर भाजून खाणे आपणांसही नवे नाही. कणीस, रताळे, वांगे आपण भाजतोच. आज फळांविषयी बोलू.

बमरोलीत आपल्यापैकी पुष्कळ जण मागावर काम करतात. पण शेत गावाकडे आहे. कोणाचे नवापूर-नंदुरबारकडे, कोणाचे व्यारा-सोनगडकडे. गावाहून येताना पिशवीत केळी, पेरू, पपई असतेच. व्यापाऱ्याने डाग पाहून नाकारलेला माल घरी येतो, चार दिवसांत काळा पडतो आणि म्हशीपुढे जातो. त्याच घरात मुलांच्या हाती मात्र दुकानातले गोड बिस्किट व रंगीत थंड पेयाची बाटली असते. घरभेटीला जाताना हे आम्ही वारंवार पाहतो. पिकविणाऱ्याच्याच मुलांना फळ मिळू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

भाजल्याने काय होते?

केळे पिकताना त्यातील पिठूळपणाची साखर होते. भाजताना त्यातील थोडे पाणी उडते, गर मऊ होतो व असलेली गोडी अधिक जाणवते. म्हणून वरून साखर घालावी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या सूचनेनुसार वरून घातलेली साखर, मध व गूळ मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांहून कमी असावेत. साधारण प्रौढ माणसासाठी हे प्रमाण 50 ग्रॅमच्या आसपास येते. दिवसाचे चार-पाच गोड चहा व एक थंड पेय यांतच ते संपते.

मात्र उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होते. पेरूत ते संत्र्याहूनही जास्त असते. तेव्हा पेरू एरवी कच्चाच खावा, भाजलेला कधीमधी चवीसाठी.

कृती

1. केळे : पिवळे पण घट्ट केळे घ्यावे. सालीसकट धुऊन सालीला एक उभी चीर द्यावी, म्हणजे ते फुटत नाही. निखाऱ्यावर जाळी ठेवून चिमट्याने फिरवत आठ-दहा मिनिटे भाजावे. साल काळी झाली की उतरवावे. वर चिमूटभर वेलची किंवा सुंठ पुरे.

2. पपई व अननस : अर्धवट पिकलेल्या पपईच्या बोटभर जाड फोडी किंवा अननसाच्या चकत्या दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटे भाजाव्यात. वर लिंबू पिळावे.

3. पेरू : दोन भाग करून थोडा भाजावा, मीठ व जिऱ्याची पूड लावावी.

4. कैरी : सालीसकट मऊ होईपर्यंत भाजावी. गर काढून पाणी, जिरे, थोडा गूळ व मीठ घालून पन्हे करावे. उन्हात राबणाऱ्यास ते उत्तम.

चिकू व कलिंगड भाजू नयेत. त्यांचा लगदा होतो. चूल नसेल तर गॅसवर बिडाचा तवा तापवून तेलाशिवाय फोडी भाजाव्यात.

विस्तवाची काळजी

ज्वाळेवर नव्हे, निखाऱ्यावर भाजावे. बाभळीचे वाळलेले लाकूड चांगले. आपल्या भागात कारखान्यातील चिंध्या, सूत व प्लॅस्टिक सहज मिळते म्हणून काही घरी ते चुलीत घालतात. कृपा करून असे करू नये. सुरतचे बरेचसे कापड कृत्रिम धाग्याचे असते; त्याचा धूर विषारी, आणि तो फळालाही लागतो. रंगवलेल्या फळ्याही जाळू नयेत.

पेटती शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये. कोळशाच्या विस्तवातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस दगावतो. एका खोलीत पाच-सहा जण राहतात तेथे तर हे विशेष ध्यानात ठेवावे. शेगडी उघड्यावर पेटवावी व काम होताच विझवावी.

कोणी जपावे?

मधुमेह असलेल्यांनी भाजलेले फळ साखरविरहित समजू नये. अर्धे केळे घ्यावे व डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना केळ्यातील पोटॅशियम बाधू शकते. त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय खाऊ नये. करपलेला भाग काढून टाकावा. आतला गर फार तापलेला असतो, म्हणून लहान मुलांना निववून द्यावे.

प्रायश्चित्तकाळात आपण काही ना काही सोडतो. यंदा प्रत्येक घराने बाटलीतले पेय व विकतचा गोड खाऊ सोडावा, वाचलेले पैसे गरिबांसाठीच्या पेटीत टाकावेत आणि दर रविवारी मिस्सेनंतर मुलांसाठी शेतातली फळे भाजावीत, अशी आमची सूचना आहे. ज्यांची फळे जास्त आहेत त्यांनी गाव नसलेल्या, शेत नसलेल्या शेजाऱ्याला बोलवावे.