पागेतला उपचार : पालकांनी आधी काय विचारावं?

शाळेला दांडी, दिवसभर खोलीचं दार बंद, आईच्या अंगावर ओरडणं आणि समुपदेशकासमोर नेलं की तासभर तोंडाला कुलूप. अशा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे पालक हल्ली मोबाइलवरचा एखादा व्हिडिओ दाखवतात आणि विचारतात, "डॉक्टर, याला घोड्यांच्या थेरपीला घालू का?" हो किंवा नाही म्हणून भागण्यासारखा हा प्रश्न नाही.

आधी एक गोंधळ दूर करू. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला घोड्यावर बसवून, घोड्याच्या चालीतल्या हेलकाव्यांचा उपयोग तोल आणि स्नायूंसाठी करून घेणं हे फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टचं काम. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय अधू असूनही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवलं आणि या उपचारांना मोठी चालना मिळाली. मनाच्या उपचारांत मात्र मूल बऱ्याचदा घोड्यावर बसतच नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'ईगाला' या संस्थेच्या पद्धतीत सगळं काम जमिनीवर उभं राहून होतं. सोबत एक मानसोपचारातला तज्ज्ञ आणि एक घोड्यांचा जाणकार, असे दोघे असावेच लागतात.

तिथे होतं काय? मुलाच्या हातात खरारा देतात. घोड्याच्या थेट मागे जायचं नाही, खांद्याशी उभं राहायचं, एक हात त्याच्या अंगावर ठेवायचा आणि केसांच्या दिशेने खरारा फिरवायचा. खुरातली माती काढायची असेल तर हात पायावरून सावकाश खाली न्यायचा. ओढाताण केली तर घोडा त्याच पायावर भार टाकून ढिम्म उभा राहतो. चार-पाचशे किलोच्या जनावरापुढे जोर चालत नाही, हे कोणी न सांगता कळतं. कधी दोरी न लावता घोड्याला रिंगणाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायला सांगतात. मूल हाका मारतं, मग ओरडतं, हातवारे करतं. घोडा कान मागे पाडतो आणि लांब जातो. इथे थेरपिस्टचा प्रश्न येतो, "आत्ता काय झालं असं वाटतं तुला?" मूल घोड्याविषयी बोलू लागतं. घाबरला असेल, चिडला असेल, माझं ऐकायचंच नसेल त्याला. काही आठवड्यांनी हीच गाडी घरातल्या आरडाओरडीवर येऊ शकते. 'तुझ्या मनात काय चाललंय?' असं तोंडावर विचारलं की मिटून जाणाऱ्या मुलाला ही आडवाट सोपी पडते. माझ्या मते या उपचाराचं बळ इथेच आहे, आणि म्हणूनच प्रश्न विचारणारा माणूस घोड्याइतकाच महत्त्वाचा.

घोडा शिकार होणारा प्राणी. आसपासच्या हालचालींवर त्याचं सतत लक्ष असतं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगात घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. रागीट चेहरा पाहून त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढले. पण 'घोडा तुमच्या मुलाचं मन वाचतो' असं कोणी सांगितलं तर ती जाहिरात समजा.

पुरावा किती? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने २०१४ मध्ये पाचवी ते आठवीच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले होते. ११ आठवडे घोड्यांसोबत काम केलेल्या मुलांच्या लाळेत कॉर्टिसोल हे ताणाशी निगडित संप्रेरक तुलनेने कमी आढळलं. मात्र ही सर्वसाधारण शाळकरी मुलं होती, नैराश्याचे रुग्ण नव्हेत. त्याच वर्षीच्या एका आढाव्याने तोवरचे अभ्यास तपासून, मानसिक आजारांवरचा उपचार म्हणून याला पुरेसा आधार नाही, असा स्पष्ट निष्कर्ष काढला. त्यामुळे मी याला पूरक उपचार मानतो. चालू गोळ्या आणि समुपदेशन यासाठी थांबवू नका.

माथेरानची घोड्यावरची फेरी किंवा रायडिंग क्लबचा वर्ग चांगलाच. व्यायाम होतो, मोबाइल सुटतो. पण ती थेरपी नव्हे. थेरपीचे पैसे मागणाऱ्याला विचारा : मानसोपचार कोण करणार? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी दाखवा. आमच्या डॉक्टरांशी बोलाल का? हेल्मेट सक्तीचं आहे ना? घोड्यांची ग्लँडर्सची तपासणी कधी झाली? हा आजार घोड्यांकडून माणसाला होऊ शकतो. एकाच घोड्याला दिवसभर जुंपत असतील तर तिथून परत फिरा. दमलेलं, वैतागलेलं जनावर लाथ मारतं. मुलाची दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वाताची लस झाली आहे का, तेही पाहा. दमा, केसांची किंवा गवताच्या धुळीची ॲलर्जी, आटोक्यात नसलेली फिट यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मूल प्राण्यांना मुद्दाम इजा करत असेल तर सध्या हा मार्ग नको. आणि फिरायला जाऊ म्हणून फसवून नेऊ नका. या वयात एकदा विश्वास गेला की पुढचा प्रत्येक उपचार अवघड होतो.

मूल मरणाची भाषा करत असेल, हातावर ब्लेडचे वार दिसत असतील, तर पागेचा पत्ता शोधत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. रात्री-अपरात्री टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.