आधी बिघाडाची जागा शोध

चि. ओंकार,


तू रुग्णालयाच्या आयटी विभागात रुजू झालास हे दादाकडून कळलं. खूप आनंद झाला. कोणती परीक्षा आधी द्यावी, असं तू विचारलं आहेस. सीसीएनए जरूर दे. पण ‘नेट गेलंय’ एवढंच सांगणारे फोन उद्यापासून सुरू होतील, आणि त्या वेळी प्रमाणपत्रापेक्षा कामाची शिस्त उपयोगी पडेल. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीचं सार सांगते. बिघाड कुठल्यातरी एका ठिकाणी असतो. ते ठिकाण कळेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

ते शोधायचं तर पत्ते पक्के समजले पाहिजेत. प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा मॅक अ‍ॅड्रेस असतो. तो एरवी कारखान्यातूनच येतो आणि स्विच त्यावर चालतो. कोणता मॅक कोणत्या पोर्टवर आहे याचा तक्ता स्विच स्वतः बनवतो. आयपी अ‍ॅड्रेस आपण देतो आणि राउटर त्यावर चालतो. तुमच्याकडे पत्ता १९२.१६८.१० ने सुरू होत असेल आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर पहिले तीन आकडे सारखे असलेली यंत्रं एकमेकांशी थेट बोलतात. अशा एका सबनेटमध्ये २५४ पत्ते वापरता येतात. त्याबाहेरचं सगळं गेटवेकडे जातं. मास्क चुकला तर शेजारचं यंत्र दिसतं, पण पलीकडच्या इमारतीतला सर्व्हर दिसत नाही. अशा तक्रारीत नवखा माणूस सर्व्हर तपासत बसतो.

आता एक तक्रार घेऊ. ओपीडीतल्या सिस्टर सांगतात, पेशंटचा रिपोर्ट उघडत नाही. पहिला प्रश्न विचार: एकाच संगणकावर, की सगळ्यांकडे? एकाच संगणकावर असेल तर खाली जा आणि पोर्टचा दिवा पेटलाय का बघ. नसेल तर पॅच कॉर्ड बदल. बऱ्याचदा खुर्चीच्या चाकाखाली वायर चेपलेली सापडेल. दिवा असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग दे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपी सर्व्हरकडून उत्तरच आलेलं नाही आणि विंडोजने स्वतःच पत्ता घेतला आहे. पत्ता बरोबर असेल तर गेटवेला पिंग कर. मग त्या सर्व्हरला आयपीने पिंग कर आणि शेवटी नावाने. आयपीने पोचतं, नावाने पोचत नाही, म्हणजे दोष डीएनएसचा. दोन्हींनी पोचत असूनही रिपोर्ट उघडत नसेल, तर वायर सोडून दे; सर्व्हरवरची सेवा नाहीतर मधला फायरवॉल बघ. एक मात्र ध्यानात ठेव, काही यंत्रं पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. उत्तर आलं नाही म्हणून लगेच यंत्र बंद ठरवू नकोस.

हा क्रम कधी मोडू नकोस. घाईत मधूनच सुरुवात करणारा माणूस स्विच रीस्टार्ट करतो, पाच मिनिटं सगळं बरं चालतं आणि बिघाडाचा पुरावा पुसला जातो. स्विचचे लॉग आधी वाच, रीस्टार्टचं नंतर बघू.

सगळ्यांत जास्त जपायचं ते लूपपासून. इथरनेटच्या फ्रेमवर आयुष्याची मर्यादा लिहिलेली नसते. आयपी पॅकेटला टीटीएल असतो, तो शून्य झाला की पॅकेट संपतं. फ्रेमचं तसं नाही. कुणी टेबलाखालच्या छोट्या स्विचच्या दोन वायरी भिंतीतल्या दोन पोर्टांत लावल्या, की एक ब्रॉडकास्ट फिरत राहतो, वाढत राहतो आणि बघता बघता मजलाच्या मजला बंद पडतो. सगळ्या पोर्टांचे दिवे एकदम फडफडायला लागले तर लूपची शंका घे. यावर तोडगा म्हणून रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली स्पॅनिंग ट्रीची पद्धत रचली. त्यात स्विच आपसांत निरोप धाडून जादा वाट बंद ठेवतात आणि मुख्य वाट तुटली की ती उघडतात. तुमच्या स्विचवर ती चालू आहे का, ते याच आठवड्यात बघ. संगणकांच्या पोर्टांवर, असा निरोप आला की पोर्ट बंद करणारा बीपीडीयू गार्डही लाव.

पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नकोस. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस रुग्णालयाचं नेटवर्क सुमारे चार दिवस कोलमडलं. संगणकावर चालणारं काम डॉक्टर-नर्सना पुन्हा कागदावर करावं लागलं. एका संशोधकाच्या प्रचंड डेटाचं निमित्त झालं, पण मूळ दुखणं जुनं होतं. वर्षानुवर्षं स्विचला स्विच जोडत नेल्याने जाळं स्पॅनिंग ट्रीच्या मर्यादेबाहेर पसरलं होतं. तिथले तेव्हाचे माहिती विभागप्रमुख जॉन हालाम्का यांनी हे सगळं उघडपणे मांडलं, म्हणून आज आपल्याला शिकता येतं. नवीन स्विच कुठे जोडतोस, त्याचा नकाशा काढल्याशिवाय जोडायचा नाही.

शिवाय सगळं एकाच जाळ्यात ठेवू नकोस; त्याचे वेगळे भाग पाडण्यासाठी व्हीलॅन असतात. एकाच स्विचवर एक्स-रे यंत्रं, बिलिंग, सीसीटीव्ही आणि नातेवाइकांचा वायफाय हे सगळं वेगळं ठेवता येतं. नातेवाइकांच्या मोबाइलवरून आयसीयूच्या मॉनिटरपर्यंत वाटच असता कामा नये. व्हीलॅनमधून व्हीलॅनमध्ये काय जाऊ द्यायचं ते फायरवॉलवर लिही. नियम ‘सगळं बंद, हवं तेवढंच उघडं’ असा ठेव.

बदल करताना परतीची वाट आधी तयार ठेव. ४ ऑक्टोबर २०२१ ला आपल्याकडे रात्री नऊनंतर व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं, आठवतं? देखभालीच्या एका कमांडने फेसबुकची डेटा सेंटरं एकमेकांपासून तुटली, त्यांच्या डीएनएस सर्व्हरकडे जाणारे मार्गही इंटरनेटवरून नाहीसे झाले, आणि दुरुस्तीला निघालेल्या इंजिनिअरांना दुरून आत शिरता येईना. तू लांबून सिस्कोच्या राउटरवर काम करशील तेव्हा आधी चालू कॉन्फिगरेशन सेव्ह कर, मग ‘रिलोड इन १०’ दे. तुझ्या बदलाने तुझाच रस्ता तुटला, तर दहा मिनिटांनी राउटर रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगरेशनवर येईल. सगळं ठीक असेल तर ‘रिलोड कॅन्सल’ द्यायला विसरू नकोस. आणि ओपीडी भरलेली असताना बदल कधीच नको.

प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना लेबल लाव. कोणता पोर्ट, कोणती खोली, कोणता व्हीलॅन, पासवर्ड कुणाकडे, कॉन्फिगरेशनचा बॅकअप कुठे, हे सगळं लिहून ठेव. तू रजेवर असताना रात्रपाळीच्या मुलाला त्या नोंदी वाचून काम करता आलं, तरच तुझं काम पूर्ण झालं असं समज.

आणि फोन करणाऱ्या माणसाशी नीट बोल. सिस्टरना व्हीलॅन कळत नसेल, पण रिपोर्ट कधीपासून उघडेना आणि त्याच्या आधी कुणी काय हलवलं, हे त्यांनाच ठाऊक असतं. त्यांचं आधी ऐकून घे, मग वर जाऊन रॅक उघड. पहिल्या महिन्यात तुमच्या इमारतीचा मजल्यागणिक नकाशा काढ आणि मला पाठव. तो बघून पुढचं बोलू.

तब्येतीला जप, वेळेवर जेवत जा.

तुझी,
आत्या