आधी उतरायला शिका

शीर्षासन जमतं का, असं विचारलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वर गेलेले पाय येतात. माझ्या मते आसन जमलं की नाही, हे पाय खाली येताना कळतं. दोन्ही पाय आवाज न होता, श्वास न अडखळता जमिनीला टेकले, तर ते आसन तुमचं. धाडकन आपटले, तर वर गेलात ते झोकाच्या बळावर किंवा दुसऱ्याच्या हातांवर.

मला हे मानेनं शिकवलं. मलकापुरात ऐन पावसाळ्यात एक शिबिर झालं. समारोपाला प्रात्यक्षिक होतं. प्रशिक्षकांनी माझे घोटे धरून मला वर उचललं, "भिंत कशाला, स्वतःवर विश्वास ठेवा" म्हणाले आणि हात सोडले. टाळ्या वाजल्या. पण माझे खांदे त्या भाराला तयार नव्हते. तो सगळा मानेवर आला आणि मी एका कुशीवर कोसळले. रात्री उजव्या हाताला बोटांपर्यंत मुंग्या. कोल्हापूरला जाऊन तपासून आले. हाड शाबूत होतं, मानेतली शीर दबली होती. त्या वर्षीची रोपलावण मी बांधावर बसून पाहिली.

विश्वास ठेवा म्हटल्यानं विश्वास येत नाही. मानेत सात मणके असतात आणि त्यांचं काम डोकं पेलण्याचं आहे, आख्खं शरीर पेलण्याचं नाही. शीर्षासनात भार घ्यायचा असतो कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातांनी आणि खांद्यांनी. टाळू नुसती टेकलेली. खांदे कानांपासून दूर उचललेले राहिले पाहिजेत. ते ढिले पडले, की त्याच क्षणी मान चेपायला लागते. ही ताकद यायला महिने लागतात.

अय्यंगार गुरुजींचं उदाहरण मला यात फार मोलाचं वाटतं. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात योग शिकवायला आले, तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे होते. लहानपण आजारपणात गेलेलं. त्याआधी म्हैसूरला त्यांच्या गुरूंनी कधी न शिकवलेलं हनुमानासन लोकांसमोर करायला लावलं होतं. त्यांनी ते केलं, पण मांडीमागचे स्नायू फाटले आणि ते दुखणं दीर्घकाळ पुरलं. ही हकिगत ते स्वतः सांगत. पुढे दोऱ्या, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या अशी साधनं वापरून अवघडलेल्या शरीरालाही आसनापर्यंत नेण्याची पद्धत त्यांनीच घडवली. 1966 साली आलेल्या त्यांच्या ग्रंथात आसनांना काठिण्यानुसार 1 ते 60 असे क्रमांक आहेत. ताडासन 1, आणि आपण ज्याचं एवढं कौतुक करतो ते शीर्षासन अवघं 4! त्याच ग्रंथातला अभ्यासक्रम 300 आठवड्यांचा आहे, म्हणजे जवळजवळ सहा वर्षं. हे वाचलं तेव्हा माझ्या मनातली घाई बरीच निवली.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे जाऊ लागले. बाईंनी मला वर जाऊच दिलं नाही. भिंतीजवळ घोंगडीची चौपदरी घडी, बोटं गुंफून हातांचा त्रिकोण, कोपरं खांद्यांइतक्याच अंतरावर, गुडघे सरळ करून पावलं डोक्याकडे चालवत आणायची. तिथंच थांबायचं. कितीतरी दिवस एवढंच. मी कुरकुरले तर म्हणाल्या, "उतरून दाखव की आधी. वर जाणं आपोआप हुईल." मग एक पाय उचलायचा, हळूहळू परत आणायचा. मग दुसरा. आंबा घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतात, तसं पोट आत ओढून वेग स्वतःच्या ताब्यात ठेवायचा. पायांचं हे परत येणं जसजसं संथ झालं, तसतशी भीती कमी झाली. कुणी धीर दिला म्हणून ती गेली नाही. धीर धरणं म्हणजे नुसतं थांबून राहणं, असं मला पूर्वी वाटायचं. प्रत्यक्षात त्या दिवसांत मी आयुष्यात कधी नव्हे एवढे कष्ट केले, फक्त ते कुणाला दिसत नव्हते.

आता माझ्याकडे गावातल्या बायका विचारायला येतात. त्यांना सांगते: वर्गात नाव घालण्याआधी विचारून घ्या, उतरायला कधी शिकवणार? भिंत मागायला लाजू नका. गुंफलेली बोटं भिंतीपासून दोन-तीन इंचांवर ठेवा. कुणी पाय धरून उचलू लागलं, तर वयानं, मानानं कितीही मोठं माणूस असो, "नको" म्हणा. श्वास अडला की उतरा. आपल्याकडे पावसाळ्यात फरशी दमट असते, चटई सरकते. ती आधी पुसून, ओढून बघा. दिवसभर चिखलात वाकून रोप लावलं असेल, तर त्या संध्याकाळी उताणं पडून पाय भिंतीला टेकवा, तेवढं पुरे. रक्तदाब जास्त असेल किंवा मानेचं दुखणं असेल, तर शीर्षासन नकोच. काचबिंदू असेल तरी नको, कारण या आसनात डोळ्यांतला दाब साधारण दुप्पट होतो. पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणी नव्यानं सुरुवात करू नका. आणि हातात मुंग्या आल्या, तर तेल चोळत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.