टोचून घेण्याआधी, मनू, एवढं विचार

मनू, काल रात्री साडेअकराला तुझा फोन वाजला तेव्हाच ओळखलं, बाळ झोपलंय आणि तुझा डोळा लागत नाहीये. डॉक्टर म्हणाले, पावसाळ्याआधी फ्लूची लस घेऊन टाका. सासूबाई म्हणाल्या, अंगावर पाजतेस तोवर नवीन काही टोचून घेऊ नकोस, दुधातून लेकराच्या पोटात जाईल. आणि तू दोघांच्या मधे अडकलीस. नीट बोलायच्या आत बाळ उठलं आणि फोन ठेवावा लागला, म्हणून आज सावकाश सांगते. याच प्रश्नाने एकदा माझीही झोप उडवली होती.

२०२१ आठवतंय ना? माझी सई फेब्रुवारीत झाली. कोविडची लस १६ जानेवारीला सुरू झाली होती आणि १ मेपासून अठराच्या पुढच्या सगळ्यांना घेता येणार होती. पण पाजणाऱ्या आयांना ती द्यायची नाही, अशी तेव्हा सूचना होती. मी केंद्रावर गेले. टेबलापाशी बसलेल्या ताईंनी विचारलं, "बाळ अंगावर पितं का?" मी हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग आत्ता नाही देता येणार." खरं सांगू? मला हायसं वाटलं. ठरवायची जबाबदारी परस्पर टळली होती.

मग १९ मेला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की स्तनदा मातांनी लस घ्यायला हरकत नाही. टळलेली जबाबदारी पुन्हा माझ्याच पदरात आली. शेजारच्या काकू म्हणाल्या, दूध आटतं. कोणी म्हणालं, घेतलीस तर दोन दिवस दूध काढून फेकून दे. मला मात्र एकच गोष्ट छळत होती. कालपर्यंत नको होतं ते आज कसं चालतं? एका रात्रीत लसीत काय बदललं?

सईच्या डॉक्टरांना मी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, लसीत काहीच बदललेलं नाही. चाचण्या घेतल्या तेव्हा गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांना त्यात घेतलंच नव्हतं, म्हणून सुरुवातीला कागदावर 'माहिती नाही' असं होतं. लोकांनी ते 'धोका आहे' असं वाचलं. पुढे तज्ज्ञांनी लस कशी बनते, शरीरात तिचं काय होतं हे तपासलं आणि बाळाला त्रास व्हावा असं कारण त्यांना दिसलं नाही. मनू, 'माहिती नाही' आणि 'धोका आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. घाबरलेल्या आईच्या कानाला ती एकसारखीच ऐकू येतात. आयांना चाचणीत घ्यायचं कुणी मनावर घेतलं नाही आणि त्याची काळजी मात्र आयांनीच रात्र रात्र जागून वाहिली, याचा मला आजही राग येतो.

आता लसीचं आत काय होतं ते ऐक. ती दंडाच्या स्नायूत टोचतात. कोविडच्या लसींपैकी कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला विषाणू होता. कोविशील्डमध्ये दुसऱ्याच एका विषाणूच्या पाठीवर कोविडच्या विषाणूची ओळख घातली होती, आणि तो वाहक विषाणू शरीरात वाढू शकत नाही असा केलेला होता. जे वाढूच शकत नाही ते दुधात उतरून बाळात आजार कसा निर्माण करणार? आपलं शरीर कोविडच्या विषाणूची ओळख पटवून घेतं, त्याच्याशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं, आणि दुधात उतरतात ती हीच प्रतिपिंडं. इस्रायलमध्ये २०२१ च्या सुरुवातीला फायझरची कोविड लस घेतलेल्या ८४ पाजणाऱ्या आयांचं दूध तपासलं होतं. पहिल्या डोसनंतर दोन आठवड्यांत बऱ्याच जणींच्या दुधात आयजीए नावाची प्रतिपिंडं सापडली आणि चौथ्या आठवड्यापर्यंत हे प्रमाण १०० पैकी ८६ नमुन्यांवर गेलं. लस त्यांची वेगळी होती हे खरं, पण दुधाचा स्वभाव सगळीकडे सारखाच. तरी या प्रतिपिंडांच्या भरवशावर बाळाची स्वतःची एकही लस चुकवू नकोस. आईचं दूध पाठराखण करतं, पण बाळाच्या टोचण्यांची जागा घेत नाही.

एवढं कळूनही माझा पाय उचलत नव्हता. तेव्हा डॉक्टरांनी मलाच उलट प्रश्न केला. "तुम्ही लस घेतली तर काय होईल, हे तुम्ही चार वेळा विचारलंत. नाही घेतली तर काय होईल, हे एकदा तरी विचारलंत का?" सईच्या वयाच्या बाळांसाठी कोविडची लसच नव्हती. तिच्याभोवतीची माणसं हीच तिची भिंत, आणि त्या भिंतीत सगळ्यात जवळची वीट मी. दिवसातून दहा वेळा तिच्या नाकाशी नाक लावणारी. न घेणं म्हणजे काहीच न करणं असं मी धरून चालले होते. पण न घेणं हासुद्धा एक निर्णयच असतो आणि त्यालाही जोखीम असते, हे त्या दिवशी मला उमगलं.

जुलैत मी लस घेतली. अर्धा तास केंद्रावर बसले, घरी आले आणि लगेच सईला पाजलं. दूध काढून टाकायचं काही कारण नसतं. संध्याकाळी अंग तापलं, हात जड झाला. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेतली. पाजताना ती चालते. तापामुळे खाणंपिणं कमी झालं आणि त्या दिवशी दूध जरा कमी वाटलं. माझ्या सासूबाईंनी पेज करून दिली, पाणी पाजलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. म्हणून तुला दोन बारीक गोष्टी सांगते. बाळाला ज्या हातावर घेतेस तो सोडून दुसऱ्या दंडात टोचून घे. आणि त्या रात्री बाळ उचलून द्यायला घरात कुणीतरी असू दे, म्हणजे तुला पडल्या पडल्या पाजता येईल.

आता तुझ्या लसीचं. फ्लूची लस दरवर्षी थोडी बदलते, कारण विषाणूच रूप बदलतो. म्हणून ती दरवर्षी नवीन वाटते, पण ती बनवायची पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो आणि पाजणाऱ्या आईला ती चालते. बाळाला मात्र फ्लूची लस सहा महिन्यांच्या आधी देत नाहीत. तुझं पिल्लू चार महिन्यांचं आहे आणि आपल्याकडे फ्लू पावसात डोकं वर काढतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा आईने आपल्याला किती दिवस घराबाहेर पडू दिलं नव्हतं, विसरली नसशील.

पण 'लस' म्हटली की डोळे मिटून हो म्हण, असंही मी सांगणार नाही. तुझी भीती खुळी नाही. पीतज्वराची लस जिवंत विषाणूची असते. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत जाणाऱ्यांना ती घ्यावी लागते. २००९ मध्ये ब्राझीलमध्ये एका आईने बाळंतपणानंतर दोनच आठवड्यांनी ती घेतली आणि लसीतला विषाणू दुधातून बाळाकडे गेला. बाळाच्या मेंदूला सूज आली. ते बरं झालं, पण तेव्हापासून पाजणाऱ्या आईने, विशेषतः बाळ लहान असताना, शक्यतो ती टाळावी असंच सांगतात. उलट गोवर-गालगुंड-रुबेलाची लसही जिवंत विषाणूचीच, पण ती पाजणाऱ्या आईला देता येते. म्हणजे 'पाजताना लस चालते का?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'ही लस चालते का?' असं नाव घेऊन विचारायचं.

तेव्हा उद्या डॉक्टरांकडे जाशील तेव्हा कागदावर लिहून ने. लसीचं नाव काय, तिच्यात जिवंत विषाणू आहे का? मी घेतली नाही तर मला आणि बाळाला किती धोका? ताप आला तर काय घ्यायचं? आधी कुठल्या लसीची किंवा औषधाची मोठी ॲलर्जी झाली असेल, बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल किंवा त्याला काही आजार असेल, तर ते आपणहून सांगायचं. डॉक्टर घाईत असले तरी उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नकोस. हे विचारणं तुझा हक्क आहे.

आणि तुझ्या सासूबाईंवर चिडू नकोस गं. तू दवाखान्यात ग्लानीत होतीस तेव्हा बाळाच्या तोंडी आधी चीक गेला पाहिजे म्हणून भांडल्या त्या. दुधावरच्या ज्या विश्वासाने तेव्हा भांडल्या, त्याच विश्वासाने आज अडवतायत. त्यांना सोबत ने, डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचार. फ्लू म्हाताऱ्या माणसांनाही आडवं करतो, त्यामुळे त्या स्वतःही लस घ्यायला तयार झाल्या तर बाळाची भिंत आणखी पक्की होईल.

डॉक्टरांशी बोलून तू काय ते ठरव. फक्त एक वचन दे मला. लस घेतलीस तरी आणि नाही घेतलीस तरी, कुणाच्या ऐकीव सांगण्यावरून बाळाचं दूध तोडू नकोस. कोविड झालेल्या आयांनासुद्धा मास्क लावून, हात धुऊन पाजत राहा असंच सांगितलं होतं. ते दूध बाळाच्या हक्काचं आहे. उद्या जाऊन आलीस की फोन कर. कितीही उशीर झाला तरी मी उचलेन.