शोभेच्या झाडांवरील खवले कीड : ओळख आणि उपाय

आषाढी एकादशीच्या रथोत्सवासाठी खानदेशात परिचित असलेले पिंप्राळा आज जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. जुन्या गावठाणाभोवती एकेकाळी शेती होती. तेथे आता वसाहती, शाळा आणि कार्यालये उभी राहिली आहेत. नवीन घरांबरोबर अंगणात जास्वंद, कण्हेर, गुलाब, क्रोटन आणि चाफा आला, रस्त्याकडेला सावलीची झाडे आली. तरीही शहराची सीमा ओलांडताच कापसाची आणि केळीची शेते सुरू होतात. म्हणून अशा ठिकाणी शाळेच्या कुंपणावरील जास्वंदीला लागलेली कीड हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही. तिचा संबंध शेजारच्या शेताशीही पोहोचतो.

कीड की खोडाची साल?

खवले कीड ओळखण्यात पहिली अडचण अशी की, ती किडीसारखी दिसतच नाही. फांदीवर तपकिरी, राखाडी किंवा पांढरे ठिपके दिसतात; ते हलत नाहीत. पाहणाऱ्यास ती सालीवरील खरूज किंवा बुरशी वाटते. वस्तुतः प्रत्येक ठिपक्याखाली एक मादी असते. तिने आपली सोंड झाडाच्या पेशींत खुपसलेली असते आणि ती जन्मभर त्याच जागी राहून रस शोषते.

या किडीचे स्थूलमानाने तीन गट करता येतात. पहिला गट कठीण कवचाच्या खवले किडीचा. हिचे कवच शरीरापासून सुटे असते व नखाने उचलता येते. गुलाबाच्या जून फांद्यांवर आणि कण्हेरीच्या पानांवर ही आढळते. दुसरा गट मऊ खवले किडीचा. तिसरा गट पिठ्या ढेकणाचा. त्याच्या अंगावर पांढऱ्या मेणाची भुकटी असते. शेवटच्या दोन गटांतील किडी मधासारखा चिकट द्रव बाहेर टाकतात. त्यावर काळी बुरशी वाढते, पाने काजळी धरल्याप्रमाणे दिसतात आणि त्यांचे अन्न तयार करण्याचे काम मंदावते. झाडाखालचा बाक किंवा उभी केलेली वाहने चिकट होऊ लागली, तर वर फांदीकडे पाहावे.

कीड जिवंत आहे किंवा नाही, हे ठरविण्याची रीत सोपी आहे. खवला नखाने दाबल्यास जिवंत किडीतून द्रव निघतो. मेलेला खवला कोरडा असून भुकटीप्रमाणे झडतो. ही परीक्षा महत्त्वाची आहे. कारण मेलेले खवले कित्येक महिने फांदीला चिकटून राहतात आणि ते पाहून अनेकजण विनाकारण पुन्हा पुन्हा औषध मारतात.

दुर्बळ अवस्था

मादी आपली अंडी किंवा पिल्ले कवचाखाली वा मेणाच्या आवरणाखाली सांभाळते. या आवरणामुळे प्रौढ किडीवर औषधाचा परिणाम फारसा होत नाही. पिल्ले मात्र बाहेर पडून काही काळ रांगत फिरतात. तेव्हा त्यांच्या अंगावर संरक्षक आवरण नसते. उपाय करण्याची हीच योग्य वेळ होय. ती ओळखण्यासाठी लहान फांदीभोवती दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पट्टी गुंडाळून ठेवावी व भिंगातून पाहावी. पट्टीवर पिवळसर किंवा केशरी कण अडकलेले दिसले की पिल्ले निघाली असे समजावे. शाळेतील विद्यार्थ्यांना हे निरीक्षण सहज करता येते.

कुंपणापासून शेतापर्यंत

२००५ नंतरच्या काही वर्षांत फिनोकोकस सोलेनॉप्सिस या परदेशी पिठ्या ढेकणाने गुजरात, पंजाब आणि महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना मोठी झळ पोहोचविली. कापूस नसतो त्या काळात ही कीड जास्वंद आणि गाजरगवत यांसारख्या झाडाझुडपांवर तग धरते. त्यानंतर २००८ साली तामिळनाडूत पपईवरील पिठ्या ढेकूण आढळला व पुढे महाराष्ट्रातही पोहोचला. जास्वंद हे त्याचेही आवडते झाड आहे. २०१० साली प्वेर्तो रिको येथून आणलेल्या ॲसेरोफॅगस पपायी या सूक्ष्म परोपजीवी कीटकाने त्याला मोठ्या प्रमाणात आवर घातला. कापसावरील ढेकणालाही एनासियस नावाच्या अशाच परोपजीवी कीटकाने निसर्गतः पायबंद घातला.

मोठे वृक्षही या किडीपासून सुरक्षित नाहीत. २०१० नंतरच्या दशकात मुंबईत पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावामुळे अनेक पर्जन्यवृक्ष वाळले. पन्नास फुटांवरील फांद्यांपर्यंत पंप पोहोचविणे कठीण असते. म्हणून वृक्ष तरुण असतानाच लक्ष देणे आवश्यक ठरते.

मित्र आणि मुंग्या

याच कुळातील काही कीटक माणसाच्या उपयोगी पडले आहेत. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर लाख देणारा कीटक याच कुळातला. १९२६ साली श्रीलंकेतून आणलेल्या कोचिनिल जातीच्या कीटकाने भारतातील फड्या निवडुंगाचे रान मोठ्या प्रमाणात मोकळे केले.

खवले किडीलाही तिचे शत्रू आहेत. क्रिप्टोलिमस हा ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. तो आणि त्याची पांढऱ्या लोकरीसारखी दिसणारी अळी पिठ्या ढेकणांचा फडशा पाडते. ही अळी दिसायला ढेकणासारखीच असल्याने पुष्कळदा तीच चिरडली जाते. ती चपळपणे फिरते, एवढी खूण ध्यानी ठेवावी.

मुंग्या व मुंगळे चिकट द्रवासाठी किडीची राखण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावून लावतात. त्यासाठी खोडाला कापडाची किंवा कागदाची पट्टी बांधून तिच्यावर चिकट पदार्थ लावावा, तसेच भिंतीला किंवा तारेला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. केवळ मुंग्यांची वाट अडविली, तरी मित्रकीटकांचे काम पुष्कळ सोपे होते. रस्त्याची धूळ पानांवर साचल्यासही मित्रकीटकांना अडथळा होतो. म्हणून उन्हाळ्यात झाडे धुणे लाभदायक असते.

उपायांचा क्रम

१. अधिक कीड असलेल्या फांद्या छाटून जागीच पिशवीत भराव्यात आणि जाळाव्यात किंवा खोल पुराव्यात. त्या कचऱ्यात टाकल्यास पिल्ले शेजारच्या झाडावर जातात.

२. गुलाब किंवा कुंडीतील झाड असल्यास मऊ ब्रशने अथवा स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कापसाच्या बोळ्याने खवले पुसून काढावेत. मोठ्या झुडपांवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा.

३. पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळून एकूण शंभर लिटर द्रावण करावे. पानांच्या खालच्या बाजूस ते पोहोचले पाहिजे. पिल्ले एकाच दिवशी निघत नसल्याने दहा ते पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या कराव्यात.

४. पावसाळ्यातील दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी ही उपयुक्त बुरशी दर लिटर पाण्यास पाच ग्रॅम या प्रमाणात सायंकाळी फवारावी. तिच्याबरोबर बुरशीनाशक वापरू नये.

जळगावचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात साबणाचे वा तेलाचे द्रावण फवारल्यास पाने करपतात. म्हणून फवारणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी करावी आणि झाड तहानलेले असताना करू नये. नत्रखताचा अतिरेकही टाळावा. कोवळी, रसाळ वाढ किडीला पोषकच ठरते.

रासायनिक औषधांबाबत सावधगिरी

शाळा, दवाखाना, विहीर आणि अंगण यांच्या परिसरात विषारी कीटकनाशक हा पहिला उपाय असू शकत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना विसरता येण्यासारखी नाही. शिवाय अशा औषधांनी मित्रकीटक आधी मरतात आणि कवचाखालची कीड पुन्हा बळावते. इतर उपाय थकल्यावरच कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने, झाड फुलावर नसताना आणि संपूर्ण संरक्षक पोशाखात फवारणी व्हावी. विद्यार्थ्यांकडून ती कदापि करून घेऊ नये.

किडलेले झाड तोडून टाकावे, हा सल्लाही घाईचा असतो. नागरी क्षेत्रात १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमानुसार झाड तोडण्यास परवानगी लागते. मुख्य म्हणजे बहुतेक झाडे वेळीच छाटणी केल्यास व पाणी मिळाल्यास पुन्हा पालवतात.

उपाय यशस्वी झाला की नाही, हे जुन्या खवल्यांवरून नव्हे, तर नवीन पालवीवरून ठरवावे. पालवी स्वच्छ राहिली तर झाड वाचले. आठवड्यातून एकदा प्रत्येक झाडाच्या दोन-चार फांद्या उलटसुलट करून पाहण्याची सवय शाळांनी, कार्यालयांनी आणि ग्रामपंचायतींनी लावून घेतली, तर रोपवाटिकेतून आलेली कीड कुंपणावरच अडेल. नवे रोप लावण्यापूर्वी दोन-तीन आठवडे वेगळे ठेवणे, हा त्यातील सर्वांत स्वस्त उपाय. वृक्षारोपणाच्या दिवशी दाखविलेला उत्साह वर्षभराच्या अशा निगराणीत उतरला, तरच लावलेल्या झाडाची सावली पुढच्या पिढीला मिळेल.