दगडफुलांचे वन

ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. त्याच्या नैऋत्य टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठी, पेंब्रोकशर हा परगणा वसलेला आहे. येथील पुष्कळ लोक इंग्रजीबरोबर वेल्श ही आपली प्राचीन भाषाही बोलतात. या भागातील गाडीरस्ते इतके अरुंद आहेत की, समोरून दुसरी गाडी आली, तर एकीला मागे सरून वाट द्यावी लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दगडमातीचे उंच बांध असून त्यांवर काटेरी झुडपांची दाट कुंपणे वाढलेली असतात. बांधापलीकडे हिरवीगार कुरणे आणि त्यांत चरणारी मेंढरे. असेच काही मैल गेल्यावर एका शेतात पेन्त्रे इव्हान हे अतिप्राचीन दगडी स्मारक दिसते.

तीन उभ्या शिळांच्या निमुळत्या टोकांवर एक प्रचंड शिळा आडवी ठेवलेली आहे. तिची लांबी सुमारे ५ मीटर आणि वजन सोळा टनांच्या आसपास आहे. साडेपाच हजार वर्षांपूर्वी, लोखंडाचे अवजार कोणी पाहिलेही नव्हते त्या काळी, माणसांनी ती तेथे चढविली, ती अजून ढळलेली नाही. प्राचीन स्मारकांच्या रक्षणासाठी ब्रिटनमध्ये १८८२ साली पहिला कायदा झाला, तेव्हा त्याच्या यादीत या शिळांचाही समावेश होता. जवळच्या झाडांची पाळी मात्र पुष्कळ उशिरा आली. ती झाडे पाहावयाची असतील, तर स्मारकापासून थोडे अंतर पायवाटेने चालत जावे लागते.

त्या वनाचे नाव टी कानोल. वेल्श भाषेत या शब्दांचा अर्थ ‘मधले घर’ असा होतो. वन तसे लहानच. अर्ध्या दिवसात पायी पाहून होईल एवढे. परंतु त्याच्या फाटकातून आत पाऊल टाकताच बाहेरचा वारा आणि मेंढरांचे ओरडणे एकदम मागे पडते. समोर मोठमोठे खडक अस्ताव्यस्त पडलेले असतात व प्रत्येक खडक शेवाळाच्या जाड हिरव्या गादीखाली झाकलेला असतो. खडकांच्या सांदीसांदीतून ओकची झाडे उभी आहेत. हे ओक सरळसोट नाहीत. खडकावरील मातीचा थर पातळ आणि समुद्रावरून येणारा वारा जोराचा, त्यामुळे त्यांची खोडे ठेंगणी राहिली आहेत व फांद्या म्हाताऱ्या माणसाच्या बोटांसारख्या वाकड्यातिकड्या झाल्या आहेत. वेल्श भाषेत ओकला ‘देरवेन’ म्हणतात. या जातीची फळे देठावर लोंबत नाहीत. ती डहाळीलाच चिकटून बसतात.

हे वन पानझडीचे आहे. महाराष्ट्रातील सागवनेही पानझडीची असतात, पण दोघांचे कारण वेगळे. साग कोरड्या ऋतूत पाणी वाचविण्यासाठी पाने गाळतो. वेल्समध्ये पाऊस बारा महिने पडतो. तेथे तोटा पडतो तो उजेडाचा. डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि सूर्य क्षितिजापासून फारसा वर येत नाही. एवढ्याशा उजेडात पाने जितके अन्न तयार करतील, त्याहून त्यांना थंडीवाऱ्यात जगविण्याचा खर्चच अधिक होईल. तेव्हा शरद ऋतूत झाड पानांतील उपयुक्त द्रव्ये खोडाकडे परत ओढून घेते आणि रिकामी पिवळी-तांबूस पाने खाली सोडून देते. हिशेबी शेतकऱ्यासारखाच हा व्यवहार होय.

परंतु टी कानोलची खरी कीर्ती ओकसाठी नाही, ओकच्या अंगावर वाढणाऱ्या दगडफुलांसाठी आहे. मराठी घरांत गोडा मसाला करताना जे काळसर, चुरगळलेल्या कागदासारखे दगडफूल घालतात, त्याच्याच वर्गातील हे जीव. या एवढ्याशा वनात त्यांच्या सुमारे ४०० जाती आढळल्या आहेत! काही राखी दाढीसारख्या फांद्यांवरून लोंबतात, काही सालीवर रंगाचे डाग पडल्यासारख्या दिसतात, तर काहींना भिंगातून पाहिल्याखेरीज ओळखताच येत नाही.

दगडफूल ही एक वनस्पती नव्हे. ती बुरशी व शेवाळ यांची भागीदारी आहे. बुरशी घर बांधते, ओलावा धरून ठेवते. तिच्या आत राहणारे सूक्ष्म हिरवे शेवाळ सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. दगडफुलांना मुळे नसतात. पाऊस, धुके आणि हवा यांतून जे मिळेल त्यावरच ती जगतात, आणि म्हणूनच हवेतील विषही त्यांच्या अंगात सरळ उतरते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील मोठ्या शहरांवर कोळशाचा धूर साचू लागला, तेव्हा तेथील झाडांवरून त्यांच्या कितीतरी जाती नाहीशा झाल्या. दक्षिण वेल्समध्येही कोळशाच्या खाणी व लोखंडाचे कारखाने होते. पण त्या भागात बहुतेक वारा नैऋत्येकडून, म्हणजे महासागरावरून वाहतो. तो पेंब्रोकशरवर स्वच्छ हवा आणी व धूर पूर्वेकडे घेऊन जाई. टी कानोलची दगडफुले वाचली याचे श्रेय बरेचसे या वाऱ्याला आहे.

वेल्समधील पानझडी वनांत वसंत ऋतूची मोठी घाई असते. ओकला पाने फुटून वर छत तयार होण्यापूर्वी जमिनीवरच्या रोपांना आपला फुलोरा उरकावयाचा असतो. एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वनांची जमीन निळ्या घंटांसारख्या फुलांनी झाकून जाते. वेल्श लोक त्यांना ‘कोकिळेच्या घंटा’ म्हणतात, कारण याच सुमारास तेथे कोकिळेच्या जातीचा पक्षी साद घालू लागतो. जगातील या फुलांपैकी जवळजवळ निम्मी एकट्या ब्रिटनमध्ये आहेत असे मानतात. त्यांची पाने एकदा पायाखाली चिरडली, तर रोप सावरण्यास वर्षे लागतात. म्हणून पाहुण्याने पायवाट सोडू नये. त्याच दिवसांत पश्चिम आफ्रिकेतून समुद्र व वाळवंट ओलांडून काळ्या-पांढऱ्या रंगाचा एक चिमुकला माशीमार पक्षी येतो व ओकच्या ढोलीत घरटे करतो. कोवळ्या पानांवर अळ्या झाल्या की, त्याच्या पिलांना मेजवानी मिळते.

माणसानेही अशा वनांचा पुष्कळ उपयोग करून घेतला आहे. लोखंड वितळविण्यासाठी कोळसा हवा, तो ओकच्या लाकडापासून करीत. कातडी कमावण्यासाठी ओकची साल लागे. झाड बुंध्याशी तोडले, तरी त्याला पुन्हा धुमारे फुटत आणि काही वर्षांनी तोडणी पुन्हा करता येई. त्यामुळे वन नष्ट होत नसे. पुढे हे धंदे बसले आणि वनांकडे दुर्लक्ष झाले. पहिल्या महायुद्धात लाकडाचा तुटवडा पडल्यावर १९१९ साली सरकारने वनखाते स्थापन केले. त्यानंतर लवकर वाढणारी सूचिपर्णी झाडे ठिकठिकाणी, कित्येकदा जुन्या पानझडी वनांतसुद्धा, लावण्यात आली. आज वेल्सच्या भूमीपैकी सुमारे १५ टक्केच वृक्षांखाली आहे. त्यातही जुन्या पानझडी वनांचा वाटा थोडा.

मग जे उरले आहे ते राखावे कसे? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मेंढरे वनात मोकळी सोडली, तर ती ओकचे प्रत्येक कोवळे रोप खाऊन टाकतात. वरवर पाहता वन हिरवेगार दिसते, परंतु त्यात केवळ म्हातारी झाडेच उरतात, पोरे नाहीत. बरे, भक्कम कुंपण घालून एकही जनावर आत येऊ दिले नाही, तर हॉलीची काटेरी झुडपे व वेली माजतात, खोडांवर गडद सावली पडते आणि ज्यांच्यासाठी वन राखावयाचे ती दगडफुलेच उजेडावाचून मरतात. तेव्हा अशा वनांत थोडी गुरे, थोडे दिवस, विचारपूर्वक चारावी लागतात. थोडी म्हणजे किती, हे त्या त्या वनाची जमीन व तेथील रोपे पाहूनच ठरवावे लागते.

दुसरे संकट हवेतून आले. पूर्व आशियातील एक बुरशी युरोपात पोचली आणि २०१२ साली ती ब्रिटनमध्ये आढळली. ती ॲश नावाच्या वृक्षाला मारते. प्रथम शेंड्याची पाने काळवंडतात, मग फांद्या वाळतात. आशियातील ॲशच्या जाती या बुरशीबरोबर फार पूर्वीपासून राहत आल्यामुळे तिला तोंड देऊ शकतात. वेल्समधील झाडांना तशी सवय नव्हती. ॲशची साल ओकच्या सालीइतकी आम्ल नसते, म्हणून तिच्यावर वेगळी दगडफुले राहतात. झाड पडले की, त्यांचा आसराही जातो. ती उडून दुसरीकडे जाऊ शकत नाहीत, आणि त्यांची वाढ वर्षाला काही मिलिमीटर एवढीच. काही थोडी ॲशची झाडे मात्र या रोगातही तगून राहतात असे दिसून आले आहे. त्यांचे बी आता जपून गोळा करतात.

अशा खडकाळ वनातून परतताना पाहुण्याने एखाद्या उंच खडकाच्या माथ्याकडे निरखून पाहावे. शेवाळाच्या गादीत कधी काळी एखादे फळ पडलेले असते आणि मेंढराचे तोंड पोचणार नाही अशा उंचीवर वीतभर ओकचे रोप उभे असते. त्याला चार-पाचच पाने असतात. ते तसेच पाहून खाली यावे, फाटकातून बाहेर पडावे आणि फाटकाची कडी नीट लावून घ्यावी. पलीकडे मेंढरे उभीच असतात.