कांद्याच्या अंगचा पहारेकरी

चाकणच्या कांदा-बटाट्याची बाजारांतील कीर्ति वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पंचक्रोशींत आज कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या असल्या, तरी खेड तालुक्यांतील शेतकरी हीं दोन पिकें अद्याप घेतो. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां पीकपाहणीच्या नोंदींत आम्हीं हीं नांवें अगणित वेळां लिहिलीं. परंतु हीं पिकें रोगापासून आपलें रक्षण कसें करतात, हा विचार कधीं मनांत आला नाहीं. सेवानिवृत्तीनंतर स्वतः कांदा लावला आणि पहिल्याच हंगामांत निम्मे वाफे करप्यानें गेले, तेव्हां डोळे उघडले. त्यानंतर जें वाचलें व समजलें, त्याचा सारांश येथें देतों.

प्रथम बटाट्याची हकीकत. १९७५ सालीं फ्रान्समधील शास्त्रज्ञ झां-क्लोद कादेर यांनीं बटाट्यांतून कांहीं प्रथिनें वेगळीं काढून असें दाखविलें कीं, तीं पेशींतील एका पडद्यावरचें स्निग्ध द्रव्य दुसऱ्या पडद्यावर नेऊन पोंचवितात. तेल पाण्यांत मिसळत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. मग पाण्यानें भरलेल्या पेशींत स्निग्ध द्रव्यानें प्रवास करावा कसा? या प्रथिनाच्या पोटांत पाण्याला थारा न देणारी एक पोकळी असते. तींत तें द्रव्य बसून जातें. प्रथिन अगदीं लहान, बहुधा सुमारें नव्वद दुव्यांच्या सांखळीचें. पण गंधकाच्या चार बंधांनीं तें असें आवळलेलें असतें कीं, उष्णतेनेंहि सहजासहजीं मोडत नाहीं. यांस आपण स्निग्धवाहक प्रथिनें म्हणूं.

आरंभीं हीं पेशीच्या आंतील हमाल समजलीं गेलीं. पुढें आढळलें कीं, त्यांपैकीं पुष्कळ पेशीबाहेर, तिच्या भिंतींत, आणि विशेषतः पानाच्या वरच्या त्वचेंत असतात. कांद्याच्या पातीवरून बोट फिरविलें असतां जी निळसर झांक पुसली जाते, तें मेण होय. असें मेण त्वचेवर पोंचविण्यांत या प्रथिनांचा हात असतो. मोहरीच्या कुळांतील एका लहान रोपांत असें एक प्रथिन निकामी केलें, तेव्हां खोडावरील मेण घटलें, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें.

आतां कांदा. १९९५ सालीं बेल्जममधील शास्त्रज्ञांनीं कांद्याच्या बियांतून याच घराण्यांतील एक प्रथिन काढलें. तें अनेक बुरशींची वाढ रोखतें. नवल असें कीं, त्याची पोकळी आंतून बुजलेली असल्यामुळें त्याला स्निग्ध द्रव्य वाहतां येत नाहीं. हमालाच्या घराण्यांत जन्मून त्यानें पहारेकऱ्याचें काम पत्करलें आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं त्याचें जनुक भातांत घातलें, तेव्हां करपा व कडा करपा यांस तीं रोपें अधिक दाद देईनाशीं झालीं, असें २००६ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें. हा प्रयोग आहे. मावळच्या भातकऱ्यांनीं असें बियाणें बाजारांत शोधूं नये.

वाचक विचारतील, पहारेकरी घरांत असतां रोग येतो कसा? उत्तर असें कीं, पहारा तटावरचा आहे; तटालाच खिंडार पडलें तर पहारेकरी एकटा पुरा पडत नाहीं. फुलकिडे पात खरवडतात आणि त्या जखमांतून जांभळ्या करप्यास वाट मिळते. आमची चूक हीच झाली. आम्हीं बुरशीचें औषध तीनदां फवारलें, पण पातीच्या बेचक्यांतील फुलकिडे एकदांहि पाहिले नाहींत.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच. फुलकिड्यांवर पहिल्यापासून नजर ठेवावी. पातीवरील मेणामुळें फवारा ओघळून जातो, म्हणून औषधांत चिकटद्रव्य मिसळावें. काढलेला कांदा पातीनें झांकून तीन दिवस शेतांतच सुकवावा, मान सुमारें एक इंच राखून पात कापावी, आणि खरचटलेला किंवा जाड मानेचा कांदा चाळींत भरूं नये. बटाट्याच्या बेण्याच्या फोडी काप सुकून त्यांवर नवी साल धरल्यावांचून लावूं नयेत. शंका असल्यास राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालय आपल्या तालुक्यांतच आहे; तेथें जाऊन विचारण्यांत कमीपणा मानूं नये. पिकाचा पहारा पीक स्वतः करतें. तट शाबूत राखणें हें आपलें काम आहे.